नळी मुरवायची की नाही

जुन्या नाशकात आमचं बंदुका दुरुस्त करण्याचं लहानसं दुकान होतं. अब्बा गेल्यावर, एकोणीसशे तिसानंतरच्या त्या वर्षांत, ते मी एकटाच चालवत होतो.

पेठकडचे एक सुभेदार त्यांची रायफल घेऊन आले. पलटणीतून निवृत्त होऊन गावी शेती करत होते. रानडुकरं नागलीच्या पिकाचा फडशा पाडायची, म्हणून त्यांना परवाना मिळाला होता. जुन्या नळीतले, गोळीला फिरकी देणारे आटे पार झिजले होते. मुंबईहून नवी नळी मागवली आणि आठ दिवस खपून मी ती बसवली.

न्यायला आले तेव्हा आमचा वाद झाला. नवी नळी आधी मुरवली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दहा बारांत प्रत्येक बारानंतर ती पुसून लख्ख करायची, मगच पुढचं काडतूस. पलटणीत असंच करत. अब्बा मात्र सांगायचे, नळी चांगली होते ती कारागिराच्या हातानं, गोळ्यांनी ती फक्त झिजते. काम झालं की उकळतं पाणी ओतून धुवायची, तेल लावायचं, संपलं. सुभेदारांचं बोलणं मला माझ्या हातावरचा अविश्वास वाटलं. मी म्हणालो, चला, करूनच पाहू.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेठ रस्त्यावरच्या एका टेकडीच्या पायथ्याशी पुठ्ठा उभा केला. काडतुसं वीस होती. सुभेदार बार काढत, मी गजाला फडकं लावून नळी पुसत असे. सुरुवातीला फडकं आत अडखळायचं, नळीच्या तोंडाशी गोळीच्या तांब्याची रेघ दिसायची. आठव्या बारापर्यंत रेघ पुसट झाली आणि गज सरळ जाऊ लागला. सुभेदारांच्या म्हणण्यात तथ्य होतं, हे मला मनात कबूल करावं लागलं. दहा भोकं तळहाताएवढ्या जागेत होती.

मग त्यांनी न थांबता पाच बार काढले. पहिले दोन नीट बसले, पुढचे तीन डावीकडे वर वर सरकत गेले.

"मिस्त्री, नळी आजून मुरली नाय," ते म्हणाले. "आणखी धा बार लागतील."

मी पुठ्ठ्याकडे बघत राहिलो. नळी थंड असताना नेम बरोबर, तापली की चुकतो. म्हणजे तापून फुगली की ती कुठेतरी दाबली जात होती. खिशातल्या कागदाची पट्टी फाडून मी नळी आणि ती ज्यात बसते ते लाकूड यांच्या फटीतून सरकवली. पुढच्या टोकापासून वीतभर आत ती अडली. तिथं मी लाकूड पुरेसं तासलंच नव्हतं.

माझे कान तापले. सुभेदारांना यातलं काही कळलं नसतं. हो, मुरायची राहिली आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते शब्द ओठांवर आलेही होते.

"सुभेदारसाहेब, दोष नळीचा नाही," मी म्हणालो. "लाकडाचा आहे. म्हणजे माझा."

 त्यांनी एवढंच विचारलं, किती दिवस लागतील? मी दोन दिवस मागितले. ते पंचवटीत त्यांच्या भाच्याकडे उतरले.

ते दोन दिवस मी दुसरं कुठलंच काम हातात घेतलं नाही. नळीला काजळी लावून ती लाकडात बसवायची, उचलायची, लाकडावर जिथं काळं उमटेल तिथं खरवडायचं, पुन्हा बसवायची. शेवटी कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत न अडकता सरकला.

तिसऱ्या सकाळी त्याच टेकडीपाशी उरलेली पाच काडतुसं सुभेदारांनी नव्या पुठ्ठ्यावर लागोपाठ उडवली. पुठ्ठ्याजवळ जाऊन त्यांनी भोकांवर चुन्याची डबी ठेवून पाहिली. चार भोकं झाकली गेली, पाचवं काठाला होतं.

"माझी पद्धत मी सोडणार नाय," ते म्हणाले. "पण लाकूड बघायचं, हे पलटणीत कुनी सांगितलं नव्हतं."

तीन दगडांवर पाणी उकळून मी नळी धुतली आणि रायफल त्यांच्या हातात दिली. पुढं प्रत्येक नव्या नळीचे पहिले दहा बार मी पुसत पुसतच काढले. त्यानं नळी मुरते की नाही, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण त्या दहा वेळा मला माझं काम जवळून बघावं लागे, आणि ते मी कधी टाळलं नाही.