घरमालकांचा उजेड

वीज जाणे हा आपला व्यक्तिगत अपमान आहे असे मानणारा जव्हारमध्ये एकच माणूस होता, आणि मी, एका वर्तमानपत्राचा बातमीदार, त्याचा भाडेकरू होतो. भारनियमनाच्या त्या वर्षांत बाकीचे गाव वीज गेली की कंदिलाची काच पुसून ओट्यावर येऊन बसे आणि शेजाऱ्याची चौकशी करी. आमचे घरमालक मात्र चपला शोधू लागत. मागच्या अंगणात पत्र्याच्या आडोशाखाली त्यांचा जनरेटर होता. घरमालक मूळचे जामसरचे. भातशेती भावाकडे सोपवून ते महसूल खात्यात शिरले आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. नोकरीत त्यांनी हरतऱ्हेचे पंचनामे केले होते. निवृत्तीनंतर ते फक्त विजेचे करत. "आज दुपारी गेली, म्हणजे संध्याकाळी पण जाणार," असे ते सांगत, आणि ती गेली की त्यांच्या चेहऱ्यावर अंदाज खरा ठरल्याचे समाधान दिसे.

जनरेटर नाशिकच्या एका मांडववाल्याकडून घेतलेला, जुना. पूर्वी तो वराती उजळत असे आणि बँडवर मात करण्याची त्याची सवय गेलेली नव्हती. तो पेट्रोलवर सुरू व्हायचा आणि मग रॉकेलवर चालायचा. दोरीच्या पहिल्या झटक्याला तो खोकायचा, दुसऱ्याला गप्प बसायचा, तिसऱ्याला घरमालक त्याच्याशी बोलू लागायचे. "माजलास का रे? कालच तेल बदललं ना तुझं?" यानंतर तो का सुरू होई ते मला कळलेले नाही, पण होई. मग घरात दिवे लागत, पंखा फिरे, टीव्हीवर चित्र दिसे. आवाज कशाचाच ऐकू येत नसे. संध्याकाळच्या बातम्या घरमालक नुसत्या पाहत आणि निवेदकाच्या तोंडाकडे बघून आम्हाला समजावून सांगत. त्यांपैकी एक बातमी एकदा मीच पाठवलेली होती. त्यांनी सांगितली ती वेगळी होती, आणि खरे सांगायचे तर अधिक रंजक होती.

शेजारी तक्रार करत, पण जव्हारी पद्धतीने, म्हणजे हसत. दूधवाली बाई म्हणे की या मशिनीच्या आवाजानं म्हस पान्हा चोरते. समोरचे मास्तर एकदा कुंपणाशी येऊन म्हणाले, "साहेब, एक करा. उजेड तुम्ही ठेवा, आवाज तेवढा वायरमनच्या घरी पाठवा." घरमालकांनी ही सूचना काही वेळ गंभीरपणे विचारात घेतली.

या व्यवस्थेत एकच खोट होती. घर जनरेटरवर असताना खांबावरची वीज परत आली की नाही हे घरातल्या कोणालाच कळत नसे. गावाला वीज आलेली असे आणि आमच्याकडे रॉकेल जळत असे. त्यामुळे लक्ष ठेवण्याचे काम काकूंकडे, म्हणजे घरमालकांच्या पत्नीकडे, होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मास्तरांच्या ओट्यावरचा बल्ब दिसे. तो लागला की काकूंनी मागच्या दाराशी येऊन "आली" म्हणायचे. त्यावर घरमालक म्हणत, "खात्री करून सांग." काकू पुन्हा खिडकीशी जात, पुन्हा येत, पुन्हा "आली" म्हणत. मग जनरेटर बंद होई आणि आपण इतका वेळ ओरडून बोलत होतो हे सर्वांच्या लक्षात येई.

घरमालकांची दुसरी सवय जनरेटरपेक्षा जुनी होती. प्रश्न कोणालाही विचारला तरी उत्तर ते देत. काकूंना डॉक्टरांनी कुठे दुखते विचारले की जागा घरमालक दाखवत. माझ्या संपादकांचा फोन त्यांनी घेतला तेव्हा मला पडसे आहे, मी दोन दिवस येत नाही आणि जव्हारच्या पाणीटंचाईवर कोणी लिहीत नाही, असे तीन विषय त्यांनी निकालात काढले. मी शेजारच्या खोलीत टंचाईवरच लिहीत बसलो होतो. एका पाहुण्याने मला गाव विचारले तर ते म्हणाले, "साताऱ्याकडचे." मी साताऱ्याकडचा नाही. पण दुरुस्ती करायला मध्ये जागा नव्हती.

या सवयीची किंमत त्यांची मुलगी सुनंदा मोजत होती. ती मोखाड्याजवळच्या आश्रमशाळेत शिकवत असे, आणि लग्नासाठी तिची अट एकच होती: शाळा सुटणार नाही. ही अट तिला मुलाला स्वतः सांगायची होती. पहिल्या पाहुण्यांनी नोकरीचे विचारले, तेव्हा वडील म्हणाले, "नोकरीचं काय, सोडता येते." सुनंदाने तिथेच नकार ठरवला. दुसऱ्या पाहुण्यांना त्यांनी भारनियमनाचे वेळापत्रक समजावले. ते पुन्हा आले नाहीत. तिसरे स्थळ वाड्याचे होते, मुलगा हायस्कुलात शिक्षक. सुनंदाने आईला सांगून टाकले की या वेळी मला बोलू दिलं नाही तर पोह्यांचा ट्रे घेऊन मी बाहेर येणार नाही, आणि पुढचं स्थळही बघणार नाही. काकूंनी माझ्यावर कामगिरी सोपवली: यांना बातम्यांत गुंतवून ठेवा. ही कामगिरी मी पार पाडू शकलो नाही.

मुलगा, त्याची आई आणि मामा दिवेलागणीला आले. मामांनी सुनंदाकडे बघून विचारले, लग्नानंतर नोकरीचं काय करणार? तिने तोंड उघडले. "त्याचं असं आहे," घरमालक म्हणाले, आणि वीज गेली.

त्यांना झालेला आनंद अंधारातही जाणवला. ते मागे गेले, जनरेटरशी बोलले, आणि दिवे लागले. परत येऊन त्यांनी वाक्य पुढे चालू ठेवले. त्यांचे ओठ हलताना आम्हाला दिसत होते. मामांनी कानाशी हात नेला. मुलाची आई सगळ्यालाच मान डोलावू लागली. मुलाने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग आपली खुर्ची उचलून सुनंदाच्या खुर्चीशेजारी नेऊन ठेवली, कारण दुसऱ्या कोणत्याही मार्गाने काही ऐकू येणे शक्य नव्हते. ती बोलू लागली. तो काही विचारी, ती हातवारे करून सांगे. सगळी वडीलधारी मंडळी समोर बसली होती आणि कोणालाही एक अक्षर कळत नव्हते.

एवढ्यात मास्तरांच्या ओट्यावरचा बल्ब लागला. मी बसलो होतो तिथून स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. काकूंनीही तो पाहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला. बातमी माझ्या डोळ्यांसमोर घडली होती. मी ती दिली नाही. थोड्या वेळाने मास्तर स्वतःच वीज आल्याचे सांगायला दारात आले. काकूंनी त्यांना बसवले आणि त्यांच्या हातात पोह्यांची बशी दिली.

शेवटी रॉकेल संपले. जनरेटरने दोन आचके दिले आणि घरभर एकदम अंधार आणि शांतता झाली. त्या शांततेत अजूनही ओरडून बोलणाऱ्या सुनंदाचा आवाज खणखणीत आला.

"मी मोखाडा सोडणार नाही. तुम्ही तिकडे येणार असाल तरच पुढचं."

"येईन की," मुलगा तितक्याच जोरात म्हणाला. "बदलीचा अर्ज करतो."

घरमालकांनी चाचपडत स्विच फिरवला आणि खांबावरच्या विजेने दिवे लागले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते म्हणाले, "चहा घ्या."

लग्न झाले. बदली व्हायला वेळ लागला, पण झाली, आणि दोघांनी मोखाड्याला बिऱ्हाड केले. पुढे माझीही ठाण्याला बदली झाली. दोनेक वर्षांनी कामासाठी जव्हारला गेलो तेव्हा संध्याकाळी त्यांच्याकडे डोकावलो. आम्ही बोलत असताना वीज गेली. मी सवयीने पाय आखडून त्यांना वाट करून दिली. ते उठले नाहीत. काकूंनी मेणबत्ती आणून ठेवली. जनरेटर बिघडला का, असे मी विचारले.

"छे, उत्तम चालतोय," ते म्हणाले. "पण सुनंदाचा फोन या वेळेला येतो. मशीन चालू असलं की घंटा ऐकू येत नाही."

समोर मास्तरांच्या ओट्यावर कोणीतरी हसत होते. काही वेळाने फोन वाजला. त्यांनी तो उचलला, "बोल," म्हणाले, आणि नंतर बराच वेळ नुसते ऐकत राहिले.