बंदी उठलेली नाही

त्याची आई खोव्याच्या जिलेबीचा डबा घेऊन आमच्या घरी आली, तेव्हाच मी ओळखलं की हे प्रकरण आता ग्रुपपुरतं राहणार नाही. जबलपुरात बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून जिलेबी घेऊन गर्दीतून महाराजपूरपर्यंत कुणी उगाच येत नाही. तिनं डबा माझ्या आईच्या हातात दिला, पाणी प्यायली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काहून गं, माझ्या पोराला खेळातून काहून काढलं तू? तोंड पाडून बसून राहिला तो."

पोरगा म्हणजे चांगला मिशीवाला, नोकरी करणारा बाप्या. त्याचे आणि माझे वडील एकाच फॅक्टरीतून रिटायर झालेले. आमच्या आया एकाच महिला मंडळात. मला हसू आवरेना, आणि रागही.

आमचा ग्रुप शहरातल्या खेळाडूंचा. लॉकडाऊनमध्ये सुरू झाला आणि टिकला. मोबाइलवर टोळ्या करून गोळीबाराचा खेळ खेळायचा, कानात हेडफोन, तोंडाशी माइक. मी तिथं टोपणनावानं असते आणि सगळ्यांसारखी हिंदीत बोलते. दिवसा रेल्वेच्या ऑफिसात फायली सरकवायच्या, संध्याकाळी लोकांना गोळ्या घालायच्या. तब्येतीला बरं असतं. ॲडमिन आम्ही दोघं. मी, आणि ओमती भागात गेमिंग कॅफे चालवणारा एक भैया. नियम फारसे नव्हते. एक मात्र मी स्वतः लिहून वर चिकटवला होता: माइक पर घर की औरतें नहीं आएँगी. म्हणजे आईबहिणीवरून शिव्या चालणार नाहीत.

त्यात एक मुलगी नवीन आली. कॉलेजातली, कमी बोलणारी, नेम पक्का. जिलेबीवाल्या काकूंचा पोरगा आमचा सगळ्यात चांगला खेळाडू, म्हणून तिला त्याच्या टोळीत दिलं. एका संध्याकाळी तिच्या एका चुकीनं डाव गेला. तो गोड आवाजात म्हणाला, "कोई बात नहीं, अच्छा खेली." आणि त्याच दमात आपल्या एका मराठी मित्राला मराठीत एक वाक्य ऐकवलं. ते वाक्य मी इथं लिहिणार नाही. त्यात तिचं शरीर होतं, ती इथं कशासाठी येते याबद्दलचा त्याचा शोध होता आणि तिच्या आईचाही उद्धार होता. मित्र खिदळला.

जबलपुरात आपली मराठी म्हणजे बंद खोली, असं आपल्या लोकांना वाटतं. दुकानदारासमोर भाव पाडायचा का, हे मराठीत ठरवायचं. पाहुणा समोर बसलेला असताना त्याला जेवायला थांबवायचं की नाही, हेही मराठीत. मीही हेच करत मोठी झाले. पण त्या खोलीत बसून हे बोलायचं?

मी माइक सुरू केला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिथं मराठीत बोलले. "मला समजते बरं. नीघ इथून." आणि त्याला काढून टाकलं, कायमचं.

इथली मराठी घरं एकमेकांना आवाजावरून ओळखतात. ही ॲडमिन कुणाची मुलगी, हे त्याला कळायला एक संध्याकाळ पुरली.

तर त्याची आई म्हणत होती, "अगं, त्या पोरीला कुठं मराठी समजते? जिला समजलंच नाही, तिला लागलं कसं?"

मी म्हटलं, "काकू, झोपलेल्या माणसाचा खिसा कापला तर ती चोरी नसते काय? आणि आमच्या नियमात लिहिलं आहे, घरातल्या बायकांना मध्ये आणायचं नाही. तुमच्या पोरानं तर तुम्हालाच पाठवलं."

ती गेल्यावर आईनं मला धारेवर धरलं. "मंडळात मला तोंड दाखवायचं आहे. आपलेच दात अन् आपलेच ओठ." मी म्हटलं, मग दातांना सांग चावू नका म्हणून. डब्यातली जिलेबी मी खाल्ली नाही. आईनं दोन खाल्ल्या आणि त्या चांगल्या असल्याचंही मला ऐकवलं.

पण सगळ्यांनी तेच पालुपद धरलं: तिला कुठं समजलं? भोपाळच्या टोळीशी सामना ठरला होता आणि त्याच्याशिवाय आपण हरणार, हे कॅफेवाल्या भैयाला दिसत होतं. "मैडम जी, मैंने तो 'अच्छा खेली' ही सुना. रिकॉर्डिंग है क्या?" रिकॉर्डिंग नव्हतं. माझे दोन कान होते. मग वावड्या उठल्या. त्याच्या मोठ्या भावाच्या स्थळाकडून म्हणे मला नकार आला होता, म्हणून मी सूड उगवून राहिले. तो भाऊ मी आजवर पाहिलेला नाही. मी तापट आहे हे सगळं मंडळ जाणतं, पण इतकी वाईट निवड माझी नसते.

शेवटी भैयानं तोडगा काढला. रविवारी दुपारी सगळ्यांनी कॅफेत यायचं. मुलीची तक्रार नसेल तर बंदी उठणार. मला हे अजिबात मान्य नव्हतं. जिच्याबद्दल बोललं गेलं तिनंच भर सभेत उभं राहून सांगायचं, हा कुठला न्याय? पण न जाणं म्हणजे मैदान सोडणं. मी भैयाला स्वच्छ सांगितलं, तो आत आला तर मी बाहेर. भैयानं नुसती मान हलवली, त्यावरून मला कळलं की माझ्याशिवाय त्याचं चालणार होतं.

तो आईला घेऊन आला होता. निळ्याजांभळ्या दिव्यांत, त्या फिरत्या खुर्चीवर काकू पदर सावरून बसल्या. मुलगी कोपऱ्यात उभी होती, पाठीवर कॉलेजची बॅग. भैयानं तिला विचारलं, "तुमको इनसे कोई शिकायत है?" ती खाली बघत राहिली. तिला ते वाक्य मी सांगितलं नव्हतं. कोणत्या तोंडानं सांगणार होते?

तेवढ्यात काकू माझ्याकडे झुकून, मुलगी समोर असताना, मराठीत म्हणाल्या, "पाहा, तिला काही माहीतच नाही. गरीब दिसते बिचारी. तूच उगाच आग लावून राहिली."

मुलीनं मान वर केली.

"काकू," ती म्हणाली. मग अडखळत, शब्द शोधत, "मला समजते सब. बोलता नाही येत बराबर. माझी आई वर्ध्याची आहे. घरी मराठीच बोलते ती. हे जे बोलले, ते पूरं समजलं मला. पहिल्या दिवसापासून समजून राहिलं. समजलं असं दाखवलं असतं, तर अजून बोलले असते."

म्हणजे ते एकच वाक्य नव्हतं. मी ऐकलेलं फक्त एक होतं.

काकूंचा चेहरा उतरला, पण आई ती आई. "असं काय बोलला गं तो?"

"बोलून दाखवू?" मुलीनं विचारलं. तिनं नजर हलवली नाही.

"नको," तो म्हणाला. इतक्या घाईनं की खुर्ची मागे सरकली.

भैयाला मराठीचं ओ की ठो येत नाही. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. "क्या बोला इसने?" मी म्हटलं, तुमचं रिकॉर्डिंग आलं. काकू पर्स उचलून उठल्या आणि मुलाची वाट न बघता जिना उतरून गेल्या.

भोपाळकडून आम्ही सपाटून हरलो. ती मुलगी त्या सामन्यात शेवटपर्यंत टिकली, बाकी आम्ही आधीच मेलो होतो. हरल्याचं वाईट वाटलं. बंदीचं नाही, आजही नाही.

अजून कुणी ना कुणी विचारतं. मंडळातल्या बायका आईला विचारतात, भैया मला विचारतो, मैडम जी, अब तो बहुत हो गया, कब तक? मी सगळ्यांना एकच सांगते. माझी एक अट आहे, आणि ती त्याला कळवलेली आहे. ते वाक्य त्यानं घरी जाऊन स्वतःच्या आईला, स्वतःच्या तोंडानं, मराठीत म्हणून दाखवावं. मी त्याच संध्याकाळी त्याला आत घेते.