बारा वाजता आलेलं पत्रक

त्या पत्रकावर पक्षाचं चिन्ह होतं, खाली गोल शिक्का होता, आणि मी बारावी पास होते. तिथंच घात झाला.

आई आमच्या आटपाडीकडच्या गावाची सरपंच होती. बायकांना राखीव जागा नुकत्याच मिळाल्या होत्या. पडलेल्या पॅनेलनं तिच्या निवडीविरुद्ध सांगलीच्या कोर्टात केस घातलेली. त्या दिवशी नुसती तारीख होती, म्हणून बाबा एकटेच पहाटेच्या एसटीनं गेले. आईला सही येत होती, वाचता येत नव्हतं. पंचायतीचा प्रत्येक कागद मी वाचून दाखवायची, मगच ती सही करायची.

दुपारी बाराला त्या पडलेल्या पॅनेलची जीप गावात शिरली. वर भोंगा, मागं हलगी, गुलालाची पोती. "कोर्टानं सरपंचाची निवड रद्द केली!" दारात पत्रकांचा सडा पडला. आईनं एक उचलून माझ्या हातात दिलं. "काय लिवलंय गं? नीट वाच."

मी वाचलं, ओळ न् ओळ.

मागोमाग उपसरपंच आले, राजीनामा तयार लिहूनच. "वहिनी, आता खुर्चीवर बसलासा तर कोर्टाचा अपमान हुतोय. पोलीस येत्याल. हितं सही करा नि मोकळ्या व्हा."

"ह्यास्नी येऊ द्या की सांगलीस्नं," आई म्हणाली.

"तवर कोण थांबतंय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "खरं हाय का गं?"

"छापलंय की, आई," मी म्हणाले. जळली मेली माझी अक्कल! तिनं सही केली. कागद घेऊन जीप तशीच तालुक्याला पळाली.

दिवेलागणीला बाबा एसटीतून उतरले. "जज्जसाहेब रजेवर. पुढची तारीख पडली." म्हणजे निकाल लागलाच नव्हता.

कोर्ट उघडतं अकराला. सांगलीहून आमच्या गावाला यायला तीन तास. अन् पत्रक बाराला दारात, तेही छापून! एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. अजून संताप होतो. त्यांचा कमी, माझा जास्त.

बाबा तालुक्याला धावले, पण सही आईचीच होती; राजीनामा मंजूर झाला. सरपंचानं स्वतःहूनच पद सोडलंय म्हटल्यावर कोर्टानंही केस बंद केली.

आई मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. पण त्यानंतर मावशीचं साधं पोस्टकार्ड आलं, तरी ते पदराखाली घेऊन ती शाळेतल्या गुरुजींकडं जायची. मी घरात असले तरी.