बर्फाच्या कारखान्यात तपासलेला कोट

तारीख ८ ऑक्टोबर १९६७, रविवार. रक्कम एकशे दहा रुपये. हजर माणसे चार: माझी आई, मी, माझी बायको आणि धाकटा भाऊ. जागा आमच्या घराची ओसरी, जळगाव जामोदपासून अडीच मैलांवर.

धाकटा भाऊ हवामान खात्यात निरीक्षक होता. पाऊस किती पडला, वारा कुठून आला, पारा किती चढला हे दिवसातून ठरावीक वेळी पाहायचे आणि लिहून ठेवायचे, हे त्याचे काम. खात्याला हिमालयातल्या एका खिंडीजवळच्या केंद्रावर हिवाळाभर राहणारा माणूस हवा होता आणि त्याने स्वतःहून नाव दिले होते. परत आल्यावर वरची जागा मिळणार होती. शिवाय त्याला बर्फ पाहायचा होता, हे त्याने मला एकट्याला सांगितले. बूट, मोजे आणि बिछाना खाते देणार होते. कोट मात्र ज्याने त्याने करून घ्यायचा, त्यासाठी एकशे दहा रुपये आगाऊ मिळाले होते. ते त्याने आईच्या पुढ्यात ठेवले आणि वीस तारखेपर्यंत होकार कळवायचा आहे असे सांगितले.

"किती थंडी असते तिथं?" आईने विचारले.

"उणे वीस. कधी पंचवीस."

"उणे म्हनजे?"

"शून्याच्या खाली."

"शून्य म्हनजे काही नाही. काही नाहीच्या खाली अजून काय असते बे?"

भावाने थोडा विचार केला. "माय, आपल्या वावरातली विहीर पाह्य. जमीन म्हनजे शून्य. तिच्या खाली वीस हात उतरायचं."

"विहिरीत उतरनाऱ्याले दोर तरी असतो," आई म्हणाली आणि पैशांना हात न लावता उठून आत गेली.

आमचे वडील गव्हाला पाणी देता देता गेले. पौष महिना होता, रात्रपाळीचे पाणी होते आणि तीन रात्री ते ओल्या पायांनी बांधावर उभे होते. आईने दर रात्री घोंगडी पुढे केली आणि दर रात्री त्यांनी "मले नाही वाजत थंडी" असे सांगून ती परत केली. चौथ्या दिवशी छाती भरली, आठव्या दिवशी सगळे संपले. तेव्हा भाऊ सहा वर्षांचा होता, मी सोळा. आईने याविषयी पुढे कधी बोलणे काढले नाही, पण आमच्या घरात दिवाळी झाली की संध्याकाळी कोणी उघड्या अंगाने बसलेले तिला चालत नसे.

संध्याकाळी ती बाहेर आली आणि तिने अट सांगितली. "कोट आधी मले दाखवा. मंग मी हो म्हनतो का नाही ते पाहू." आमच्याकडे बायाही 'मी म्हणतो' असेच बोलतात. भाऊ तिच्या शब्दाशिवाय गेला नसता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होते. तेव्हा कोट म्हणजे नुसता कोट राहिला नाही.

मला कपड्यातले काही कळत नाही, पण मोजता येते. भावाजवळ काचेचा लांब थर्मामीटर होता, उकळत्या पाण्यातही चालणारा. मी हिशोब असा केला की कोट अंगाला गरम करत नाही, अंगाची ऊब फक्त धरून ठेवतो. मग माणसाच्या जागी गरम पाण्याचा तांब्या ठेवला तरी तेच कळले पाहिजे. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघे एस. टी.ने खामगावला गेलो, सोबत पिशवीत आमचा झाकणाचा तांब्या.

कापडाच्या मोठ्या दुकानात लोकरीचा ओव्हरकोट एकच होता. किंमत ब्याण्णव रुपये. दुकानदाराने तो वरच्या फळीवरून काढला तेव्हा आधी धूळ खाली आली आणि मग डांबराच्या गोळ्या.

"किती वर्षं झाली याले?" मी विचारले.

"माल जुना होत नसतो भाऊ, लोकर आहे. मेंढी जुनी होते काय?"

"होते," भाऊ म्हणाला.

मी कोट उजेडाकडे धरला. पाठीवर कसरीने पाडलेली दोन भोके होती, मुगाएवढी. दुकानदार म्हणाला की तेवढ्यातून थंडी कशी जाईल, थंडी काय मुंगी आहे? मी शेजारच्या हॉटेलातून कढत पाणी आणले, तांब्यात थर्मामीटर धरून ऐंशी अंशांवर येऊ दिले, झाकण लावले, तांब्या कोटात गुंडाळला आणि घड्याळ पाहिले. दुकानदार गिऱ्हाईक सोडून गादीवरून उठून आला.

"हे काय करून राह्यले तुम्ही?"

"तुमच्या कोटाची परीक्षा."

"लोक नवरदेव पाहायले जातात तेव्हा इतकं पाहत नाहीत हो!"

अर्ध्या तासाने पारा सदुसष्टावर आला होता. तेरा अंश गेले. आम्ही पाणी ओतून दिले, दुकानदाराचे आभार मानले आणि निघालो. त्याने मागून ब्याऐंशीला देतो असे ओरडून सांगितले. बाजारात एक जुना फौजी कोट पस्तीस रुपयांना दिसला होता. तो मी काट्यावर ठेवून पाहिला, पावणेपाच किलो भरला. घरी त्याचे नुसते नाव काढले तर आईने एवढेच विचारले, "ज्यानं घातला होता तो घरी आला होता काय?" पुढे तो विषय निघाला नाही.

घरी आल्यावर मी तोच तांब्या तितक्याच तापलेल्या पाण्याने भरला आणि आमच्या रजईत गुंडाळला. अर्ध्या तासाने पारा चौऱ्याहत्तरावर होता. सहाच अंश गेले. माझा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा केले. दुसऱ्यांदाही चौऱ्याहत्तर. रजईतला कापूस आमच्याच वावरातला. ज्याच्या घरात कापूस पडलेला आहे तो माणूस तांब्या घेऊन खामगावच्या दुकानात गेला होता, हे माझ्या बायकोने दोन दिवस सगळ्यांना सांगितले.

जळगावात बसस्थानकाच्या मागे एक पिंजारी राहत असे. तो कापूस पिंजायचा आणि त्याची बायको टाके घालायची. गाद्या, उशा आणि रजया हे त्यांचे काम, कोट त्यांनी कधी केला नव्हता. बाहेरून खाकी ड्रिल, आतून फलालीन आणि मध्ये कापूस, असे मी त्यांना कागदावर आकृती काढून समजावले. मजुरी पंधरा रुपये ठरली.

"थंडी कितनी है उधर?" पिंजाऱ्याने विचारले.

"पाण्याचा दगड होतो," भाऊ म्हणाला.

"या अल्ला! मग भरपूर भरतो."

त्याने भरपूर भरले. चार दिवसांनी भावाने कोट अंगात घातला तेव्हा त्याचे दोन्ही हात शेतातल्या बुजगावण्यासारखे आडवे राहिले, खाली येईनात. पिंजाऱ्याच्या बायकोने ते खाली दाबून पाहिले, सोडले की पुन्हा वर. आत तीन किलो कापूस होता. गादी म्हणून तो उत्तम माल होता.

"मी सांगत होतो," ती नवऱ्याला म्हणाली, "माणूस आहे, पलंग नाही."

"तुले तर सगळंच माहीत असते!"

"मग बसा तुम्ही गादीत हात घालून अन् जेवून दाखवा."

तिने सगळे टाके उसवले. कापूस सव्वा किलोवर आणला, तोही पाठीला आणि छातीला जास्त, कोपरात आणि काखेत अगदी पातळ, आणि टाके चार बोटांच्या जागी दोन बोटांवर घातले, म्हणजे कापूस खाली उतरून एका जागी गोळा होणार नाही. हे तिने माझ्या आकृतीत नसताना केले. मी घरी आणून तांब्या ठेवला. अर्ध्या तासात सात अंश. कोटाचे वजन अडीच किलोच्या आत. मी समाधानाने हे आकडे आईला वाचून दाखवले. त्या दिवशी सतरा तारीख होती.

आईने कोट उलटासुलटा पाहिला, टाके बोटाने चाचपले. मग म्हणाली, "तांब्याचं ठीक आहे. माणसाचं काय?"

"मी घालतो, माय," भाऊ म्हणाला.

"तुह्यावर माहा भरोसा नाही. तुले जायचं आहे. तू थंडीनं निळा पडला तरी नाही वाजत म्हनशील. मी घालतो."

"पन इथं थंडी कुठं आहे? ऑक्टोबर चालू आहे!"

"बर्फ कुठं बनते?" तिने मला विचारले.

असे आम्ही तिघे अठरा तारखेला पुन्हा खामगावला गेलो. तिथे बर्फाच्या कारखान्यात लाद्या रचून ठेवायची खोली होती, जाड दाराची, भिंतींना आतून भुशाचे अस्तर असलेली. मुकादमाला आमचे म्हणणे समजायला बराच वेळ लागला. समजले तेव्हा त्याने हातातले काम टाकले आणि मजुरांनाही बोलावले. आईने नऊवारी लुगड्यावर तो खाकी कोट चढवला. बाह्या तिच्या बोटांच्या पुढे चार इंच लोंबत होत्या.

"मायबाई, फौजेत भरती व्हायचं आहे काय?" मुकादमाने विचारले.

"हाव. तुह्या मायलेही घेऊन ये, दोघी जाऊ."

मजूर हसले. मुकादमाने दार उघडले, आई एका रिकाम्या खोक्यावर जाऊन बसली. मी थर्मामीटर टांगला. उणे चार. भाऊ म्हणाला की तिकडे नुसती थंडी नसते, वाराही असतो. तेव्हा मुकादमाने कुठून तरी सूप आणून दिले आणि मी आईला सुपाने वारा घालू लागलो. माझ्या अंगात एक जुना स्वेटर होता आणि मला सांगायला हरकत नाही की पाचव्या मिनिटाला माझे दात वाजत होते. आई शांत बसली होती. बाराव्या मिनिटाला ती उठली.

बाहेर आल्यावर मी विचारले, "वाजली?"

"वाजली. मानेतून वारा आत जाते, अन् बाह्यातून. पाठ गरम होती, पोट गरम होतं." मग माझ्याकडे पाहून, "लिहून घे." मी लिहून घेतले.

मी म्हणालो, "माय, पन हे उणे चार होतं. तिकडं वीस. हे गणित बरोबर बसत नाही." ते सांगणे मला भाग होते.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. तिने कोट काढून हातावर घेतला आणि भावाला सांगितले, "आता तू जाय आत. सदऱ्यावर."

"कोट?"

"कोट माह्याजवळ राहू दे."

तो गेला. दार अर्धवट उघडे ठेवून आई उंबऱ्यात उभी राहिली. भावाने आधी लाद्यांकडे पाहून शीळ वाजवली. तिसऱ्या मिनिटाला तिने विचारले, "वाजते?"

"नाही."

त्याने हात काखेत घातले होते. पाचव्या मिनिटाला पुन्हा. "काय बे, वाजते?"

"नाही, माय. काहीच नाही."

त्याचे ओठ मला दिसत होते. मी पुढे होऊ लागलो तेव्हा आईने हात आडवा केला. मुकादमही हसायचा थांबला होता. तो म्हणाला, "बाई, पोरगं आजारी पडेल." आई हलली नाही. तिचा चेहरा मला त्या क्षणी बघवेना, म्हणून मी घड्याळ पाहत राहिलो. साडेसहा मिनिटे झाली.

"माय," आतून आवाज आला, "वाजून राह्यली. लई वाजून राह्यली थंडी."

ती दोन पावलांत आत गेली, कोट त्याच्या अंगावर टाकला, गुंड्या स्वतः लावल्या, खालपासून वरपर्यंत. "हे बोलत जाय," ती म्हणाली. "तिथं जो साहेब असेल त्याले बोलत जाय. लाजू नको."

"हाव."

"मंग कळव त्यायले, येतो म्हनून."

बाहेर उन्हात त्याला आम्ही दोन कप चहा पाजला. तो कोट काढायला तयार नव्हता, घाम येईपर्यंत तसाच बसून राहिला आणि आई त्याच्याकडे पाहून पहिल्यांदा हसली.

जळगावला उतरून आम्ही थेट पिंजाऱ्याकडे गेलो. त्याच्या बायकोने गळ्याशी कापसाचीच कानटोपी जोडून दिली, जी मागे पाठीवर पडेल आणि वर ओढून नाडीने बांधता येईल, आणि दोन्ही बाह्यांच्या तोंडाशी आत विणलेल्या लोकरीचे पट्टे लावले. एकोणीस तारखेच्या दुपारी काम झाले. तिने ठरलेले पंधरा मागितले. मी टोपीचे आणि पट्ट्यांचे तीन धरून अठरा पुढे केले, तर ती म्हणाली की आधी तीन किलो भरले आणि मग उसवावे लागले ही त्यांची चूक, तिचे पैसे कसे घ्यायचे. आई म्हणाली, "चूक त्याची, टाके तुहे." कापड खामगावचे, ड्रिल आणि फलालीन मिळून एकवीस रुपये, ते आधीच देऊन झाले होते. पिंजाऱ्याच्या बायकोच्या हातावर आईने अठरा रुपये ठेवले आणि भाऊ होकाराची तार करायला पोस्टात गेला.