कमल टर्निंग वर्क्सचा बोर्ड

भानुदास मामा सकाळी लेथ मशीनला उदबत्ती लावताना कुठलाही मंत्र म्हणायचे नाहीत. जीएसटीचा नंबर म्हणायचे. सत्तावीसपासून सुरू होणारा तो लांबलचक नंबर, मधल्या इंग्रजी अक्षरांसकट, डोळे मिटून, सावकाश, कुठेही न अडखळता. मग उदबत्ती ओवाळायची, मशीनला लावलेला हात कपाळाला टेकवायचा आणि बटण दाबायचं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, या माणसाला काहीतरी बाधलंय.

कुरुळीत आमच्या गल्लीत माझं बोर्ड आणि फ्लेक्सचं दुकान, आणि चार पावलांवर मामांचा पत्र्याचा गाळा. बीडकडून ते तरुणपणी आले, चाकणच्या एका कंपनीत ऑपरेटर म्हणून घासले, आणि केस पिकायला लागल्यावर जुनी लेथ विकत घेऊन स्वतःचा धंदा टाकला. नाव ठेवलं बायकोचं : कमल टर्निंग वर्क्स. कमल काकू शेजारी पाटावर बसून तयार पार्टच्या कडा कानशीने घासायच्या आणि मधूनच ओरडायच्या, "नाव मपलं लावलंय, पण मालक कोण हाय ते बगा!" मामा नुसते हसायचे.

नंबराचं एवढं कौतुक कशाला, असं मी एकदा विचारलं. मामा म्हणाले, "ताई, कंपनीत व्हतो तवा मपल्या नावापुढं तिकीट नंबर व्हता. काम सुटलं, नंबर गेला. ह्यो नंबर सरकारनं दिलाय. ह्यो कोण घेतंय?" एवढं बोलून त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला, जणू नंबर तिथेच होता. कर भरून इतका आनंद होणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता, आणि तसं त्यांना तोंडावर सांगतही होते.

आनंद होण्यासारखं त्यात काही नव्हतं हो. मामा पार्ट बनवून कंपनीला द्यायचे, बिल फाडायचे, आणि कंपनी पैसे द्यायची तिला सवड होईल तेव्हा, तीन-तीन महिन्यांनी. कराला मात्र सवड नसते. बिल फाडलं की पुढच्या महिन्यात कर भरायचा, पैसे हातात पडोत न पडोत. मामा कधी स्क्रॅप विकून भरायचे, कधी काकूंच्या भिशीतून. समोरचा वेल्डिंगवाला चिडवायचा, "मामा, कच्च्या बिलावर करा की राव, कोण बघतंय?" मामांचं उत्तर ठरलेलं असायचं : "सरकारचं आधी, मपलं मागून." आणि खरंच सगळं मागूनच व्हायचं. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन मागून, मुलीकडं जाणं मागून, गळका पत्रा बदलणं तर कायमचंच मागून.

गाळ्याचे मालक आबा, कुरुळीचे जुने शेतकरी. एका भाद्रपदात त्यांनी पुढचे गाळे पाडून गोदाम बांधायला काढलं. मामांना म्हणाले, "आमी काय तुमाला काडून लावत न्हाई. मागं शेड हाय, तिकडं जावा. भाडं त्येच." मामांनी हायड्रा क्रेन आणून मशीन मागे नेलं. दुसऱ्या दिवशी लेथ चालू. हलवताना जुना बोर्ड मात्र वाकून तुटला, म्हणून त्यांनी माझ्याकडे नवा टाकला. जाड पत्रा, निळी पाटी, पिवळी अक्षरं, खाली ठसठशीत नंबर. नंबर मोठा काढा म्हणून दोनदा सांगून गेले.

बोर्ड तयार झाला तेव्हा पितृपक्ष लागला होता. मी म्हटलं, "घेऊन जा मामा, जागा अडलीय माझी." त्यांनी जीभ चावली. "पितरांच्या पंधरवड्यात नवा बोर्ड चढवत असत्यात का ताई? दसऱ्याला, मशीनच्या पूजेबरोबर चढवू." आमच्या सगळ्या पट्ट्यात हे असंच चालतं, त्या पंधरवड्यात कुणी खिळासुद्धा नवा ठोकत नाही, आणि माझंही दुकान तेव्हा ओस असतं. सरकारदरबारी पत्ता बदलायचा का, असं वेल्डिंगवाल्याने विचारलं, तर मामांना हसू आलं. "पत्ता कुठं बदललाय? गट नंबर त्योच, मालक त्योच, लाइटीचा मीटर त्योच. भिंतीच्या हिकडचा तिकडं झालो." कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. गावात गट नंबर म्हणजेच पत्ता.

त्याच पंधरवड्यात जीएसटी ऑफिसातून पाहणीला माणूस आला. कागदावर लिहिलेल्या गाळ्याच्या जागी त्याला खड्डा दिसला आणि सळया दिसल्या. बोर्ड नव्हता. सेंटरिंगवाल्या परप्रांतीय मजुरांना विचारलं, ते म्हणाले, "यहाँ कुछ नहीं है साहब." त्याने फोटो काढला आणि तो गेला. भिंतीपलीकडे लेथ चालू होती. पुढे नोटीस आली ती ई-मेलवर. मामा ई-मेल बघतील तर शपथ!

कळलं ते कंपनीच्या गेटवर. मालाचा टेम्पो अडवून स्टोअरच्या साहेबांनी सांगितलं की तुमचा नंबर रद्द दाखवतोय, माल उतरवता येणार नाही. भरलेला टेम्पो तसाच घेऊन मामा माझ्या दुकानात आले. "ताई, जरा तुमच्या कॉम्प्युटरवर बगा." मी नंबर टाकला. रद्द. मामांनी मला परत नंबर सांगितला, पहिल्यापेक्षा हळू, एकेक अक्षर सोडवून. माझंच टाइप करताना चुकलं असणार, असं त्यांना वाटत होतं. मी परत टाकला. मला त्यांच्याकडे बघवेना.

जीएसटीच्या ऑफिसात मी सोबत गेले, कागद वाचायला कुणीतरी हवं होतं. साहेब चांगले होते, हेच वाईट. ओरडले असते तर निदान भांडता आलं असतं. त्यांनी शांतपणे फोटो दाखवला. "काका, पाहणीत या पत्त्यावर व्यवसाय आढळला नाही." फोटोच्या एका कोपऱ्यात मागच्या शेडचा गंजका पत्रा दिसत होता. मामांनी त्यावर बोट ठेवलं.

"साहेब, ह्यो मपला पत्रा. ह्याच्याखाली मी व्हतो की."

"पण बोर्ड कुठे आहे काका?"

"बोर्ड... पितर चालू व्हते ना साहेब. दसऱ्याला लावणार व्हतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मला समजतंय. पण कारण म्हणून पितृपक्ष लिहिता येत नाही. नंबर परत चालू करायचा अर्ज करा. पुन्हा पाहणी होईल, मग बघू." पाहणी कधी, असं मी विचारलं. त्यावर ते म्हणाले, "येतील कुणीतरी."

अर्ज केला. भाडेकरार लागला, तो आबांकडून मिनतवारीने मिळवला; शेडची परवानगी त्यांच्याकडेच धड नव्हती. तेवढ्यात दसरा आला. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी पेढे घेऊन शेडवर गेले. मशीन धुऊनपुसून लख्ख केलं होतं, झेंडूचा हार घातला होता. मामांनी उदबत्ती पेटवली, डोळे मिटले, "सत्तावीस..." म्हणाले आणि थांबले. काकूंनी तोंडाला पदर लावला. उदबत्ती तशीच, काही न म्हणता, ओवाळली गेली. बोर्ड न्या, असं मी म्हणणार होते, ते राहूनच गेलं. रद्द झालेला नंबर भिंतीवर चढवा, असं कोणत्या तोंडाने म्हणू?

नंबराशिवाय कंपनी काम घेत नाही, कारण मग तिला कराची वजावट मिळत नाही. वेल्डिंगवाला मनाने चांगला, तो म्हणाला, "माझ्या नंबरावर बिल फाडा मामा." मामा म्हणाले, "दुसऱ्याच्या नावानं जेवायला बसू व्हय?" मला त्यांचा राग आला. अरे, ज्या सरकारने तुम्हाला नाहीसं केलं, त्याच्याशी अजून इमान कसलं राखता? मी हे बोललेही. ते बंद मशीनला तेल देत राहिले. रोज तेल द्यायचे. कंपनीने तेवढ्यात काम दुसऱ्याकडे वळवलं आणि नंतर फोन उचलणंही सोडलं.

संक्रांत झाल्यावर भोसरीचा एक माणूस येऊन मशीन विकत घेऊन गेला. हायड्राने लेथ उचलली तेव्हा मामा तिच्याखालून हात पुढे करून चालत होते, पडली तर झेलतील असे. आबांना दया आली म्हणा किंवा स्वस्तात विश्वासाचा माणूस मिळाला म्हणा, त्यांनी मामांना नव्या गोदामावर वॉचमन ठेवलं. काकू आत पॅकिंगला लागल्या. निळा युनिफॉर्म, काठी, प्लास्टिकची खुर्ची. खुर्ची बरोबर तिथे होती जिथे पूर्वी त्यांचा गाळा होता. कागदावरच्या पत्त्यावर मामा आता अगदी चोख सापडत होते.

उन्हाळ्यात एका दुपारी मी गोदामाचा बोर्ड बसवायला गेले होते. माझी माणसं शिडीवर, मी खाली. एक तरुण साहेब मोटरसायकलवरून उतरले, हातात कागद. खुर्चीवरच्या वॉचमनला विचारलं, "कमल टर्निंग वर्क्स इथंच ना? पाहणी आहे." माझ्या हातातला पाना खाली पडला. इतक्या महिन्यांनी, अखेर, कुणीतरी आलं होतं.

मामा उठून उभे राहिले. टोपी सारखी केली. म्हणाले, "न्हाई साहेब. असं हितं कायबी न्हाई."

"आधी होतं का?"

"मला म्हाईत न्हाई."

साहेबांनी फोटो काढला. फाटक, गोदाम, आणि फाटकाशी काठी घेऊन उभा असलेला वॉचमन. मग निघून गेले. मी धावतच गेले. "मामा, वेडे झालात काय? तुमचाच अर्ज ना तो? हो म्हणायचं होतं, नंबर परत मिळाला असता!"

"आन् काय करू त्याचं?" मामा खुर्चीत बसले. "हाय म्हणलो तर दाखवा म्हणत्याल. काय दाखवू, ही काठी? आन् नंबर चालू झाला की दर महिन्याला रिटर्न भरा. धंदा असू नसू. न्हाई भरलं तर दंड. पगारातून दंड भरू का ताई?" त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "पयल्यांदा त्यांनी लिवलं, मी न्हाई म्हणून. तवा खोटं व्हतं. आता खरं झालंय. भांडू कशाला?"

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. मामांनी माठातलं पाणी आणून दिलं. शिडीवरच्या माणसांना बोर्ड जरा डावीकडे घ्या म्हणून सांगितलं. जाताना मी विचारलं, तुमच्या बोर्डाचं काय करू, अजून माझ्याकडे भिंतीला उभा आहे.

"पत्रा चांगला जाड हाय त्यो. वाया कामून घालवता? मागच्या बाजूनं दुसऱ्या कुणाचं तरी नाव टाका."

मी अजून टाकलेलं नाही.