रामटेकची मशीन

आमच्या संगणकप्रणालीला मालक नाही. जगभरातली हौशी माणसं मिळून ती लिहितात, ज्याला हवी त्यानं फुकट घ्यावी. तिच्या दोन आवृत्त्या एका वेळी चालू असतात. एक रोज बदलणारी. तिच्यात वाट्टेल ते प्रयोग करा, मोडलं तर मोडलं. दुसरी स्थिर, लोक तिच्या भरवशावर आपली कामं करतात. पहिलीतलं काय दुसरीत जाऊ द्यायचं, हे ठरवणं माझं काम. धरमपेठेतल्या घरी बसून मी दिवसभर लोकांना ‘नाही’ म्हणते. त्यामुळे मी फारशी कोणाची लाडकी नाही, आणि मला त्याचं दुःखही नाही.

आमच्यात एक रिवाज होता. जुन्या, खऱ्याखुऱ्या मशीनवर सुरू होऊन दाखवल्याशिवाय कुठल्याही आवृत्तीला स्थिर म्हणायचं नाही. ती मशीन रामटेकला माझ्या एका मित्राच्या घरी, पुढच्या खोलीत होती. तो शाळेत विज्ञान शिकवायचा. रोज सकाळी मशीन आपोआप ताजी आवृत्ती उतरवून घ्यायची, बसवायची, आणि सगळं ठीक असलं की त्यानं लिहून ठेवलेली ओळ आम्हा सगळ्यांना यायची: ‘रामटेकची मशीन उठली गा.’ परदेशातल्यांना हे काय कळणार, असं मी म्हटलं तर म्हणाला, शिकतील. शिकलेही.

मागच्या उन्हाळ्यात तो गेला. शाळेतून आला, पाणी मागितलं आणि संपलं. मी रामटेकहून परतले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओळ आली. रामटेकची मशीन उठली गा. माझ्या अंगावर काटा आला. मशीन त्याच्याशिवाय चालणारच, त्यानं ती त्यासाठीच तशी लावली होती, हे मला कोणी समजावायची गरज नव्हती. तरी ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. त्यानंतरची स्थिर आवृत्ती गेलेल्या माणसाच्या शब्दावर निघाली. नियमानं ते बरोबरच होतं.

पुढे मंडळींनी ठरवलं, इतक्या जुन्या मशीनसाठी आता नवं काही काढायचं नाही. शेवटचा होकार माझाच. निर्णय योग्य होता. पण नवी आवृत्तीच नाही, तर रामटेकच्या मशीनला सकाळी उठायचं कारण उरत नव्हतं. ती नीट बंद करून द्यायला मी गेले. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, चहा दिला. मी कशाला आलेय ते कळल्यावर त्या पदरानं मशीनवरची धूळ पुसत राहिल्या.

“नका करू बंद, ताई,” त्या म्हणाल्या. “सकाळी मी चहा ठेवून राहिली असते, अन् तिचा पंखा घरघर करते. मले वाटते, उठले हे.”

तिथेच बसून मी मशीनला काम लावून दिलं: रोज तीच शेवटची स्थिर आवृत्ती पुन्हा बसवायची, जिच्यात आता काहीही बदलणार नव्हतं. ओळ तेवढी बाकीच्यांना न जाता माझ्याकडे येईल असं केलं. उगाच चर्चा नको. कोणाच्याही उपयोगाचं नसलेलं काम मी आयुष्यात पहिल्यांदा मंजूर केलं, तेही फक्त वहिनींसाठी.

हिवाळाभर ओळ येत राहिली. दात घासायच्या आधी मी स्क्रीन बघायची. ती आल्याशिवाय कामाला हात लागायचा नाही. एकदोनदा मी उत्तरही लिहिलं आणि पुसून टाकलं. कोणाची वाट बघतेस, असं नवऱ्यानं विचारलं, तर कामाचं आहे म्हणून मी उडवून लावलं.

मग एका सकाळी ओळ आलीच नाही. लाइट गेली असेल म्हणून थांबले. शेवटी राहवेना, फोन लावला.

“काल संध्याकाळी मीच बंद केली, ताई,” वहिनी शांतपणे म्हणाल्या. “रोज दोन कप मांडून राहिली होती मी. आता एकच मांडते. तुमाले सांगाचं राहूनच गेलं.”

बरं केलंत, असं मी म्हटलं. खरंच बरं केलं होतं त्यांनी. फोन ठेवला. आणि त्यांना पुन्हा फोन लावून, एकदाच, फक्त उद्याच्या सकाळपुरती मशीन चालू कराल का, असं विचारायला निघालेला हात मी दुसऱ्या हातानं धरून ठेवला.