हौदाची वही

मामा तसे विभागात कोणाचेच मामा नव्हते, पण सगळे त्यांना मामाच म्हणायचे. बांधकामाचं अभियांत्रिकी शिकवणाऱ्या त्या विभागाची प्रयोगशाळा त्यांनी एकतीस वर्षं सांभाळली. काँक्रीटचे ठोकळे ओतायचे, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून पाण्याच्या हौदात सोडायचे, आणि दिवस भरले की मशीनखाली दाबून फोडायचे. "बाकीचे बांधायला शिकवतात, मी फोडायला," असं म्हणून स्वतःच हसायचे.

हौदाची एक वही होती. रोज सकाळी पाण्यात तापमापक बुडवायचा आणि आकडा लिहायचा. आकडा बारा महिने एकच, सत्तावीस अंश. मग सुट्टीच्या दिवशी त्यासाठी कोण येणार? शनिवारी घरी जातानाच रविवारच्या रकान्यात सत्तावीस लिहून मोकळं व्हायचं. ही पद्धत मामांच्या आधीच्या माणसानं घालून दिली आणि मामांनी ती इमानेइतबारे चालवली. यात काही वावगं आहे, असं कधी कोणाच्या मनातही आलं नाही.

मग ते मेलं वर्ष उजाडलं. नवे प्रवेश बंद झाले. पुढच्या वर्षअखेर विभागाला टाळं लागणार, असं पत्र आलं. दोन प्राध्यापक दुसरीकडे गेले, वरचा मजला रिकामा झाला. चहाच्या वेळी बारा कप लागायचे तिथे चार लागू लागले. त्यातच विभागप्रमुख सरांच्या पोटात गाठ निघाली.

सर मोठे हट्टी. दवाखान्यात भरती होण्याच्या आदल्या दिवशी ते बाह्या सरसावून प्रयोगशाळेत आले. सोबत त्यांची शेवटची संशोधक विद्यार्थिनी होती. तिला मामा चिडवून डॉक्टरीणबाई म्हणायचे. दोघांनी मिळून बारा ठोकळे ओतले. सरांनी वीस वर्षं डोक्यात घोळवलेलं मिश्रण होतं ते. सावकाश घट्ट होणारं, पण वर्षभरानं भल्याभल्यांना मागे टाकणारं. अट एकच, पहिला महिना पाणी तुटता कामा नये. "मामा, हे तुमच्या हवाली," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी मामांचा थोरला भाऊ गेला. नऊ दिवसांची रजा. डॉक्टरीणबाई सरांच्या मागे दवाखान्यातच असायची. निघता निघता मामांनी सवयीनं वही ओढली आणि नऊ रकान्यांत नऊ सत्तावीस लिहून टाकले.

परत आले तर हौद कोरडा ठणठणीत! रिकामा मजला बघून देखभालवाल्यांनी नळ बंद केला होता आणि धुवायला म्हणून हौदही उपसला होता. बादल्या ओतून त्यांनी हौद भरला आणि तडक दवाखाना गाठला. सांगायचंच म्हणून गेले होते हो! पण सरांनी आधीच विचारलं, "ठोकळे पाण्यात आहेत ना?"

"आहेत, सर," मामा म्हणाले.

महिनाअखेरीला वही सहीसाठी दवाखान्यात गेली. त्या नऊ सत्ताविसांखाली सरांनी हिरव्या शाईनं वेडीवाकडी सही केली. ती त्यांची शेवटची. पुढच्याच आठवड्यात सर गेले. डॉक्टरीणबाईला सांगू, आज सांगू, उद्या सांगू, असं करत मामांनी वर्ष काढलं. तेव्हा बोलले असते तर दुसरे ठोकळे ओतता आले असते. हे त्यांना रोज कळत होतं आणि रोज ते गप्प बसत होते.

दिवस भरले. डॉक्टरीणबाईनं पहिला ठोकळा मशीनखाली ठेवला. काटा साठाच्या पुढे जायला हवा होता. अडतिसावरच ठोकळा फुटला. दुसरा एकोणचाळीस. बाराच्या बारा तसेच. पोरगी स्टुलावर मटकन बसली.

"मामा, सरांचं चुकलं हो. वीस वर्षं चुकलं त्यांचं." तिनं पेन उघडलं. "हेच लिहायला लागेल मला."

"नाही! त्यांचं नाही चुकलं!" मामा एवढ्या जोरात ओरडले की स्वतःच दचकले. मग भडाभडा सगळं सांगून टाकलं. भाऊ, रजा, हौद, दवाखाना, सगळं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "तेव्हाच का नाही बोललात?"

"सरांपुढे जीभच रेटली नाही गं. आणि नंतर तुझ्यापुढे."

पुढच्या आठवड्यात मशीन भंगारात जाणार होतं. आता नवे ठोकळे कुठे ओतायचे आणि कशाखाली फोडायचे? सरांचं बरोबर होतं की चूक, ते आता कोणालाच कळणार नव्हतं. तिची चार वर्षंही त्याच ढिगाऱ्यात गेली. मामांना वाटलं, हिनं चार शिव्या घातल्या तर बरं होईल.

ती उठली आणि तिनं कपाट उघडलं. एकतीस वर्षांच्या वह्या ओळीनं लावलेल्या होत्या. सरांचा स्वतःचा प्रबंध त्यांतल्याच आकड्यांवर उभा होता, आणि इथे शिकून गेलेल्या कितीतरी जणांचे. तिनं एक जुनी वही काढून चाळली. पानापानावर सत्तावीस, खाली हिरवी सही.

"मामा," ती हळूच म्हणाली, "बाकीचे तरी खरे आहेत ना?"

मामांनी हो म्हणायला तोंड उघडलं. मग वहीकडे बघितलं.

"रविवार सोडून," ते म्हणाले.